आयकॉनवरून प्रेरित पॅनेलं इंग्लंडमधल्या कॅथेड्रलमध्ये मांडायची आहेत: सोनं, उजेड आणि दमट हवा

गेरू

नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या दक्षिण भागातल्या एका मध्ययुगीन कॅथेड्रलमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात सहा आठवड्यांचं प्रदर्शन ठरतंय. चार चित्रकार, १६ पॅनेलं. मांडणी बायझंटाइन आणि रशियन आयकॉनची (पूर्वेकडच्या ख्रिस्ती चर्चमधली लाकडावरची पवित्र चित्रं): सोनेरी पार्श्वभूमी, थेट समोर पाहणारे चेहरे, डोक्यामागे वलय. माणसं मात्र आजची, म्हणजे सफाई कामगार, नर्स, ऊसतोडणीला जाणारी बाई. प्रत्येक पॅनेल ३० × ४० सेंमी, २० मिमी जाडीचं लिंडनचं लाकूड, त्यावर जेसो (खडू-सरसाचा पांढरा लेप), एग टेंपेरा (अंड्याच्या बलकात कालवलेला रंग) आणि २३ कॅरेट वर्ख. निम्मी पॅनेलं पुण्यात होतील, निम्मी इथे.

जागा उत्तरेकडच्या आइलमध्ये (बाजूच्या लांब दालनात) मिळतेय. दगडाला खिळा, स्क्रू, टेप काहीही लावायचं नाही एवढं आधीच सांगितलंय. विचारायचंय ते असं: पॅनेलं उभी कशावर करायची? एवढ्या उंच, अंधाऱ्या जागेत सोनं दिसेल असा उजेड कसा द्यायचा? काच लावावी का? लाकूड वाकण्याची भीती किती खरी? आणि पुण्याहून पाठवताना काय सांभाळायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

अकीक

सोन्याबद्दल आधी, कारण बाकी सगळं सावरता येतं, हे चुकलं तर प्रदर्शन संपेपर्यंत चुकलेलंच राहतं.

अकीकाचा गुळगुळीत दगड फिरवून घोटलेलं सोनं हा आरसा असतो. त्यावर किती उजेड टाकला यापेक्षा त्यात कशाचं प्रतिबिंब पडतंय यावर ते सोनेरी दिसणार की काळं, हे ठरतं. पॅनेल अगदी सरळ उभं केलं आणि माणूस समोर आला, की सोन्यात त्याच्या पाठीमागचं नेव्ह (मधलं मोठं दालन) दिसतं. ते अंधारं, म्हणून पार्श्वभूमीही काळपट. मग घाबरून वरून आणखी एक स्पॉटलाइट मारला जातो. त्याचा उजेड सोन्यावरून परावर्तित होऊन खाली फरशीवर पडतो, चेहरे भगभगीत होतात आणि सोनं होतं तसंच राहतं.

उपाय भूमितीचा आहे. पॅनेल ५ अंश पुढे झुकवा. त्याने पाहणाऱ्याची परावर्तित नजर १० अंश खाली वळते. पॅनेलचा मध्य १५० सेंमीवर असेल आणि समोर ५ मीटरवर दगडी खांब असेल, तर सोन्यात त्या खांबाचा जमिनीपासून साधारण ६० सेंमी उंचीचा भाग दिसेल. आता फक्त त्या खांबाचा खालचा मीटरभर भाग २७०० केल्व्हिनच्या (पिवळसर) मंद, पसरट एलईडीने उजळा. चुनखडीचा दगड फिकट असतो, तो उजेड छान पकडतो. पॅनेलवर एकही जादा दिवा न लावता सोनं पेटतं. जुन्या चर्चमध्ये आयकॉनसमोर खाली मेणबत्त्या असतात, त्यांनी हेच काम होतं.

चेहऱ्यांसाठी वेगळा दिवा लागेलच. तो वरून, तिरका, रंग नीट दाखवणारा (सीआरआय ९० च्या वर), पॅनेलवर १५० लक्सपर्यंत (लक्स म्हणजे उजेडाचं माप). टेंपेरा त्यात सुरक्षित असतो. कुणी लाखेचा किंवा तत्सम सेंद्रिय लाल रंग वापरला असेल तर तेवढं पॅनेल ५० लक्सवर ठेवा, ते रंग उडतात.

एक धोका सहसा लक्षात येत नाही. उत्तरेच्या आइलमध्ये ऊन येत नाही असं गृहीत धरतात. पण दक्षिण इंग्लंडमध्ये ऑक्टोबरच्या मध्याला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३० अंशांवर असतो, नोव्हेंबरच्या मध्याला २० अंशांवर. एवढं सपाट ऊन दक्षिणेच्या वरच्या खिडक्यांतून शिरून अख्खं नेव्ह ओलांडतं आणि नेमकं उत्तरेच्या बाजूला पडतं. आदल्या वर्षी त्याच महिन्यात दुपारी ११ ते २ दरम्यान जागेचे फोटो काढून ठेवले तर उत्तम, नाहीतर फोनवरच्या सूर्यमार्ग दाखवणाऱ्या ॲपवर तपासा. रंगीत काच असेल तर दुपारभर एखाद्या नर्सच्या गालावर निळा डाग बसलेला असेल. तो कुणाला आवडेलही, पण तो ठरवून असावा. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात, त्यानंतर पाचच्या आत अंधार. म्हणजे दोन वेळची प्रकाशयोजना करावी लागेल.

वर्खाचा हिशेब: एक पान ८० × ८० मिमी, म्हणजे ६४ चौसेंमी, पुस्तकात २५ पानं. पॅनेलचा निम्मा भाग सोन्याचा धरला तर ६०० चौसेंमी. १६ पॅनेलांचे ९,६०० चौसेंमी, म्हणजे १५० पानं. पानं एकमेकांवर चढतात, फाटतात, म्हणून पाव भाग जास्त. आठ पुस्तकं घ्या, सगळी एकाच कंपनीची आणि एकाच खेपेची. पुण्याचा गट एका छटेचा वर्ख आणि इंग्लंडचा दुसऱ्या छटेचा असं झालं तर शेजारी शेजारी लावल्यावर लगेच कळतं. पितळी वर्खाच्या फंदात पडू नका; तो तांबं-जस्ताचा असतो, दमट हवेत हिरवट होतो.

सगळ्यांनी आरशासारखं घोटू नये असंही सुचवेन. वलयात बारीक ठसे मारले, रेघा कोरल्या की प्रत्येक खळगा वेगळ्या कोनातून उजेड पकडतो आणि माणूस चालताना वलय हलल्यासारखं दिसतं. अंधाऱ्या जागेत हे सपाट सोन्यापेक्षा जास्त उपयोगी.

सुतारपक्षी

लाकडाबद्दल. भीती खरी आहे, पण बहुतेक जण चुकीच्या गोष्टीला घाबरतात. कॅथेड्रल दमट असतं याने पॅनेल मरत नाही. ते रविवारी अचानक कोरडं होतं, त्याने मरतं.

साधं उदाहरण: आठवडाभर हवा १० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रता. शनिवारी रात्री हीटिंग चालू करून रविवारी सकाळपर्यंत १६ अंश केलं. हवेतलं पाणी तेवढंच, पण सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास येते. सोमवारी परत ७५. असे सहा आठवडे. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं-आकसतं, जेसो मात्र जवळजवळ हलत नाही. मधल्या मध्ये रंगाचा थर सुटतो, आधी रेषांना समांतर बारीक भेगा, मग तंबूसारखे उचललेले पापुद्रे. ३० सेंमी रुंदीच्या फळीत टोकाच्या दोन हवामानांत २-३ मिमीचा फरक सहज पडतो. ओंडक्याच्या केंद्रातून अरीय कापलेली फळी घेतली तर त्याहून कमी.

आंद्रेई रुब्ल्योव्ह यांच्या 'ट्रिनिटी' या आयकॉनचं उदाहरण ताजं आहे. १५ व्या शतकातलं पॅनेल, मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात नियंत्रित हवेत असायचं. जुलै २०२२ मध्ये ते काही दिवसांसाठी सेर्गियेव्ह पोसादच्या मठात नेलं. परत आल्यावर तज्ज्ञांनी ६१ बदल नोंदवले. तरीही २०२३ मध्ये ते मॉस्कोच्या कॅथेड्रल ऑफ क्राइस्ट द सेव्हियरमध्ये लोकांसमोर ठेवलंच. तुमची फळी नवी आहे, सहाशे वर्षांची नाही, पण भौतिकशास्त्र तेच.

मग करायचं काय? फळीच्या मागे आडव्या पट्ट्या बसवा, पण सरसाने चिकटवू नका. डव्हटेल (आत रुंद होत जाणाऱ्या) खाचेत सरकत्या ठेवा, म्हणजे फळी रुंदीत हलू शकते पण वाकत नाही. पट्ट्या चिकटवल्या तर फळी वाकण्याऐवजी फाटते. पुढे जितके सरसाचे हात, तितकेच मागे. नुसत्या पुढच्या बाजूला जेसो देऊन मागचं लाकूड उघडं ठेवलं तर मागची बाजू हवेतलं पाणी पटकन घेते-सोडते आणि फळीची होडी होते.

जेसो: सशाच्या कातड्याचा सरस १ भाग, पाणी १२ भाग, वजनाने. रात्रभर भिजवा, सकाळी डबल बॉयलरवर ६० अंशांच्या आत गरम करा. उकळला की त्याची ताकद गेली, तो टाकून द्या. आधी एक हात नुसत्या सरसाचा, त्यावर जुनं धुतलेलं लिननचं कापड सरसात भिजवून ताणून बसवा. मग एक वाटी सरसाच्या पाण्याला दीड वाटी व्हाइटिंग (खडूची पूड), चाळणीतून भुरभुरत टाका आणि आपोआप बुडू द्या. घाईने फेटलं की बुडबुडे येतात, वाळल्यावर त्यांचीच सुईच्या टोकाएवढी भोकं होतात आणि सोनं लावताना ती एकूण एक दिसतात. पहिला हात बोटांनी चोळून द्या. मग ८ ते १० पातळ हात, प्रत्येक आधीच्याला आडवा, आधीचा ओला चकाकणं थांबल्याबरोबर. सगळे एकाच दिवसात. मधे पाणी उडून मिश्रण घट्ट झालं तर थोडं गरम पाणी घाला, नाहीतर वरचा हात खालच्यापेक्षा कडक होतो आणि हमखास तडकतो.

पुण्यातल्या मंडळींनी हे काम जुलै-ऑगस्टमध्ये काढू नये. हवेत ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता असताना जेसो वाळायला दिवस लागतात आणि सरसाला बुरशी धरते. मार्च-एप्रिलमध्ये उरका. त्याचा दुसरा फायदा: एग टेंपेरा हाताला लगेच कोरडा लागतो, पण खरा कडक व्हायला सहा महिने ते वर्ष घेतो. ऑगस्टमध्ये पूर्ण केलेलं चित्र ऑक्टोबरमध्ये नखाने ओरखडतं.

गेरू

खूपच उपयोगी, दोघांनाही धन्यवाद. एक अडचण: पुण्यातल्या एका चित्रकार ताईंना प्राण्यांच्या कातड्याचा सरस नको आहे. ॲक्रिलिक जेसो चालेल का? अंड्याला त्यांची हरकत नाही.

सुतारपक्षी

बाजारातला ॲक्रिलिक जेसो टेंपेराखाली नको. एग टेंपेराला शोषून घेणारी जमीन, म्हणजे रंगाखालचा थर, लागतो. ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिकचा पापुद्रा, त्यावर रंग बसतो खरा पण धरत नाही, पुढे सोलून निघतो. दुधाच्या केसिनचा जेसो करता येतो, तो शोषक असतो आणि फळीवर चालतो. सरसापेक्षा ठिसूळ, त्यामुळे थर कमी आणि पातळ ठेवा, कॅनव्हासवर अजिबात नाही. अडचण एकच, केसिनच्या जमिनीवर पाण्याने बसवलेला वर्ख घोटणं अवघड जातं. तिथे तेलाच्या साइझवर (चिकट थरावर) वर्ख लावा. तो घोटता येत नाही, मंद राहतो. अकीक यांनी लिहिलंय त्याप्रमाणे एखाददुसरं मंद सोनं मांडणीत चांगलंच दिसेल.

अंड्याचं प्रमाण चुकलंय का ते तपासायची युक्ती: पांढरा पूर्ण काढून, बलक तळव्यावर फिरवून पुसून, पापुद्रा फोडून आतला ऐवज घ्या, त्यात तेवढंच पाणी. रंगाची पूड पाण्यात घोटून केलेल्या लगद्यात हे मिश्रण साधारण समसमान. काचेवर एक फटकारा मारा, वाळल्यावर ब्लेडने खरवडा. सलग पापुद्रा निघाला तर बरोबर. भुकटी झाली तर बलक कमी. फार चकाकला, चिकट राहिला तर जास्त. दर रंगाला वेगळं लागतं. प्रत्येकाची चाचणी करा.

दगडफूल

परवानगी आणि मांडणीबद्दल. 'कॅथेड्रलने जागा दिली' म्हणजे नक्की कुणी, हे आधी लेखी विचारा. इंग्लंडमध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या कॅथेड्रलचा कारभार चॅप्टर नावाचं मंडळ पाहतं, पण इमारतीच्या रूपावर परिणाम होईल अशा गोष्टींना केअर ऑफ कॅथेड्रल्स मेझर २०११ हा कायदा लागू होतो. काही गोष्टी कॅथेड्रलच्या स्वतःच्या फॅब्रिक ॲडव्हायझरी कमिटीकडे जातात, मोठ्या राष्ट्रीय कमिशनकडे. तात्पुरत्या मांडणीलाही विचारावं लागू शकतं. या समितीच्या बैठका वर्षातून मोजक्याच होतात, त्यामुळे स्टँडची मापं, वजन, पायाचा तपशील आणि जागेचा नकाशा सहा महिने आधी द्या. 'कलाकृती नंतर ठरवू' असा अर्ज परत येतो.

विषयावरही प्रश्न येतील. सफाई कामगाराच्या डोक्यामागे वलय का, हे चार ओळींत नीट लिहून ठेवा. या देशातल्या कॅथेड्रलांना समकालीन काम नवं नाही. सेंट पॉल्समध्ये बिल व्हिओला यांचं 'मार्टर्स' हे व्हिडिओ-काम २०१४ पासून आहे, चार उभे पडदे, सुमारे सात मिनिटांचं, आवाज नाही. आवाज नसणं ही तिथे मोठी सोय आहे, कारण प्रार्थना दिवसभर चालू असतात. कँटरबरीत अँटनी गॉर्मली यांनी छपराच्या जुन्या खिळ्यांतून माणसाची आकृती केली, २०११ मध्ये, ती टांगलेली आहे. आणि तुमच्या विषयाच्या सर्वांत जवळचं म्हणजे विंचेस्टर: सेर्गेई फ्योदोरोव्ह यांनी १९९२ ते १९९६ दरम्यान रंगवलेले नऊ आयकॉन, १४ व्या शतकातल्या दगडी पडद्याच्या कोनाड्यांत बसवलेले. प्रदर्शनाआधी चौघांपैकी एकाने तरी ते जाऊन पाहावेत. लहान पॅनेलं एवढ्या मोठ्या वास्तूत हरवत नाहीत, कारण वास्तूच त्यांची चौकट झालीये. तुमच्याकडे कोनाडे नसतील, पण खांबांच्या मधल्या कमानी आहेत. १६ पॅनेलं एका रांगेत लावलीत तर रेल्वेच्या डब्यासारखी दिसतील. दोन-दोन, तीन-तीनचे गट करा, एका कमानीत एक गट.

आपल्याकडचा संदर्भ लेबलात द्यायचा असेल तर आंजेलो द फोन्सेका आहेत: गोव्याचे, पुण्यात राहून काम केलेले, साडीतली मेरी त्यांनी कितीतरी वेळा रंगवली. ऊसतोडणीच्या बाईशी तो धागा खरोखर जुळतो. उगाच पाश्चात्त्य नावं ओढून आणू नका.

आता स्टँड. पॅनेलचं वजन १.५ किलोच्या आसपास, म्हणजे अवघड काही नाही. खरा प्रश्न कुणी धडकल्यावर पडू नये हा. ५० × ५० सेंमी, १० मिमी जाडीची पोलादी तळपट्टी घ्या, ती एकटीच जवळजवळ २० किलो भरते. त्यावर उभा चौकोनी पाइप, वर ५ अंश झुकलेली उथळ प्लायची ताटली. पॅनेल ताटलीत चार पितळी क्लिपांनी धरा, क्लिपांना आतून फेल्ट, आणि दोन्ही कडांना ३ मिमी मोकळी जागा. घट्ट बसवाल तर सुतारपक्षी यांनी लिहिलेलं सगळं वाया.

तळपट्टीखाली जाड लोकरी फेल्ट. काळं रबर नको, दगडावर कायमचे डाग पडतात. प्लास्टिकही नको, खाली ओल धरते. आइलच्या फरशीत थडग्यांचे दगड आणि पितळी पाट्या असतात, त्यांवर स्टँड ठेवू देणार नाहीत, म्हणून नकाशा प्रत्यक्ष फरशीवर खडूने नव्हे तर कागद पसरून आखा. चाकाच्या खुर्चीसाठी १२० सेंमी मोकळी वाट. जमिनीवरच्या गरम हवेच्या जाळ्या आणि जुन्या लोखंडी शेगड्या कुठे आहेत ते बघा, त्यांच्या जवळ एकही पॅनेल नको. आणि छताकडे पाहा. वटवाघळं असतील तर त्यांचं मूत्र टेंपेरावर आणि सोन्यावर डाग पाडतं, निघत नाही. फरशीवर काळे दाणे दिसले की ती जागा सोडा.

अकीक

काचेचं राहिलंच. माझं मत: काच लावू नका. घोटलेल्या सोन्यावर काच म्हणजे आरशावर आरसा, उजेडाचं सगळं गणित बिघडतं. समोर ६० सेंमीवर गुडघ्याएवढा बार पुरे.

सुतारपक्षी

इथे मी उलट सांगेन. ताजा टेंपेरा, व्हार्निश नाही, आणि सहा आठवडे उघड्यावर? मागून बंद पेटी आणि पुढे परावर्तन कमी करणारी लॅमिनेटेड काच लावली की रविवारचा आर्द्रतेचा धक्का पॅनेलपर्यंत पोचायला कितीतरी तास जास्त लागतात, आणि तोवर हीटिंग बंद झालेलं असतं. शिवाय धूळ, मेणाची काजळी आणि बोटं थांबतात. काच पॅनेलपासून निदान ५ मिमी दूर, चिकटली तर रंग काचेवर येईल. महाग पडते हे मान्य. सोळांना परवडत नसेल तर उन्हाळ्यानंतर संपलेल्या पॅनेलांना तरी लावा.

अकीक

घाईने संपवलेल्या पॅनेलांपुरतं मान्य. पण मग त्यांना वेगळ्या कमानीत ठेवा. काचेची आणि उघडी शेजारी शेजारी नकोत.

पार्सलवाला

पुण्याहून पाठवण्याबद्दल थोडक्यात. सोनं आणि आयकॉनसारखी रचना पाहून कस्टम्समध्ये 'हे पुरातन आहे का' असा प्रश्न येतोच. १०० वर्षांपेक्षा जुन्या वस्तू १९७२ च्या कायद्याखाली येतात, म्हणून नवी वस्तू असल्याचं, पुरातन नसल्याचं प्रमाणपत्र पुरातत्त्व खात्याकडून आधीच घ्या, सोबत काम चालू असतानाचे फोटो ठेवा. परत आणायचीच असतील तर एटीए कार्ने (वस्तू तात्पुरती नेऊन परत आणण्याचं कस्टम्सचं कागदपत्र) सोयीचं, पण मग तिथे एकही चित्र विकता येणार नाही, विकलं तर ड्यूटीचा घोळ. विकायचा विचार असेल तर आधीच ठरवा.

क्रेट घन लाकडाचा असेल तर उष्णता-प्रक्रियेचा आयएसपीएम १५ (लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये यासाठीचा आंतरराष्ट्रीय नियम) शिक्का हवा, प्लायवूडला तो लागत नाही. आत पॅनेलं उभी, रंगाला काही टेकणार नाही अशा खाचांत. बबल रॅप रंगाच्या बाजूला कधीच नको, ताज्या टेंपेरावर गोल गोल ठसे उमटतात. विमानतळावरून क्रेट आला की लगेच उघडू नका. २४ तास त्याच कॅथेड्रलच्या हवेत बंद ठेवा, मग उघडा. गरम ऑफिसात आठवडाभर ठेवणं सर्वांत वाईट, तिथे आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली असते.

गेरू

शेवटचं एक. ऑर्थोडॉक्स पंथाचे लोक येतील, ते आयकॉनला स्पर्श करतात, चुंबन घेतात, मेणबत्ती लावतात. हे मान्य करायचं की थांबवायचं?

दगडफूल

थांबवायचा बोर्ड लावू नका, प्रार्थनास्थळात ते उद्धट दिसतं. सोय करा. कॅथेड्रलचा मेणबत्तीचा स्टँड आधीच असतो, तो तुमच्या पहिल्या गटाजवळ आणता येईल का विचारा, पण पॅनेलपासून २ मीटरच्या आत ज्योत नको. स्पर्शासाठी एक पॅनेल ठरवून द्या: काच लावलेलं, थोडं खाली, मध्य १२० सेंमीवर, शेजारी मऊ कापड. स्वयंसेवक दिवसातून दोनदा काच पुसेल. कापड बाहेर ओलं करायचं, काचेवर थेट फवारा नाही, कडेतून आत जातो. बाकीच्या पॅनेलांना लोक आपोआप लांबून पाहतात.

आणि उभारणीच्या दिवशी प्रत्येक पॅनेलचे तिरक्या उजेडात फोटो काढून तारखेसह ठेवा, दर सोमवारी सकाळी, रविवारच्या हीटिंगनंतर, त्याच कोनातून पुन्हा. १५-२० पौंडांचे दोन आर्द्रता नोंदवणारे लॉगर पॅनेलांच्या मागे ठेवा. एखादा पापुद्रा उचललेला दिसला तर बोटाने दाबू नका, ते पॅनेल आडवं करून चॅप्टरच्या संवर्धकाला बोलवा. आडवंच ठेवायचं, तो येईपर्यंत.